विद्यार्थी संगणक मंडळासाठी देणगीची यंत्रं आणि प्रायोजक: मागणीपासून मोडीपर्यंत

विद्यार्थ्यांची संगणक मंडळं पूर्वीपासून दुसऱ्यांनी दिलेल्या यंत्रांवर चालत आली आहेत. स्वीडनमधल्या लिंशॉपिंगच्या 'लिसाटोर' मंडळाची सुरुवात १९७३ साली झाली ती डाटासाब कंपनीच्या डी२१ या संगणकापासून. यंत्रं बदलली, पण व्यवहार तसाच राहिला. कंपनीला जुनी यंत्रं हलवायची असतात, मंडळाला ती हवी असतात आणि मध्ये कागदपत्रं, वाहतूक, वीज आणि वेळ असे चार अडसर असतात. यंत्र मिळणं हा यातला सोपा भाग. कार्यकारिणी पूर्ण बदलल्यावरही ते चालू राहावं, यासाठी जे करावं लागतं ते इथे दिलं आहे.

मागण्याआधी मोजा

पत्र लिहायला बसण्याआधी वीज, उष्णता, जागा आणि माणसं यांचा हिशोब कागदावर मांडा.

दोन प्रोसेसरचा जुना रॅक सर्व्हर (रॅक या उभ्या चौकटीत बसवायचा सर्व्हर) काहीही काम नसताना साधारण १०० ते २०० वॉट घेतो. १५० वॉट धरले तर वर्षाला १,३१४ युनिट होतात. असे पाच सर्व्हर चोवीस तास चालले की साडेसहा हजार युनिटच्या वर आकडा जातो, आणि खोली थंड ठेवायची वीज त्यात धरलेलीच नाही. बिल मंडळ भरत नसेल तर संस्था भरते. कधीतरी कोणीतरी तो आकडा पाहून विचारणारच, तेव्हा उत्तर तयार हवं. हलकी वेबसाइट किंवा चॅट सर्व्हर चालवायला १० ते २० वॉटचा मिनी पीसी पुरतो. तिथे मोठा सर्व्हर लावणं म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूसाठी दर महिन्याला पैसे मोजणं.

खोलीतल्या सर्किटची क्षमताही पाहा. सतत चालणारा भार सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवावा. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं सर्किट असेल तर ३,६८० वॉटपैकी सुमारे २,९०० वॉटच आपले. गडबड होते ती वीज जाऊन परत आल्यावर. सगळे सर्व्हर एकदम सुरू होतात, सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि एरवी बिनबोभाट चालणारा ब्रेकर पडतो. उपाय साधा आहे: प्रत्येक सर्व्हरच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) वीज आल्यावर सुरू होण्याचा विलंब वेगवेगळा ठेवा.

यंत्राने घेतलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. एक वॉट म्हणजे तासाला ३.४१ बीटीयू. एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो. कागदावर हे सहज जमतं. पण इमारतीचा मध्यवर्ती एसी रात्री आणि सुट्टीत बंद होत असेल, तर खोली नेमकी तेव्हाच तापते जेव्हा तिथे कोणी नसतं. हे इमारत सांभाळणाऱ्यांना आधी विचारून घ्या.

जागेच्या बाबतीत उंचीपेक्षा रॅकची पुढून मागची खोली दगा देते. रॅकमधल्या उंचीचं माप 'यू', एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण नेटवर्कसाठी बनवलेलं ६०० मिलिमीटर खोल कपाट आणि ७०० मिलिमीटरहून लांब सर्व्हर यांची गाठ पडली की मागचं दार लागत नाही आणि वायरी दुमडतात. रॅकच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. हा आकडा पुढे रेल, म्हणजे सर्व्हर रॅकमध्ये सरकवायच्या पट्ट्या, निवडताना लागतोच. आणि एक यू उंचीच्या सर्व्हरमधले चाळीस मिलिमीटरचे पंखे इतके किंचाळतात की ज्या खोलीत सभासद बसतात तिथे तो सर्व्हर ठेवता येत नाही.

शेवटी माणसं. प्रत्येक सेवेमागे ती सांभाळू शकणारे किमान दोन सभासद असावेत, आणि त्यातला एक तरी पुढच्या वर्षी संस्थेत असणारा हवा. हे नसेल तर नवीन यंत्र मागण्याऐवजी आधी माणसं तयार करा.

काय मागावं आणि काय नको

मंडळाला सर्वाधिक उपयोग होतो तो लहान वस्तूंचा: रॅम, एसएसडी, नेटवर्क कार्ड, व्यवस्थित नियंत्रण करता येणारा गिगाबिट स्विच, फायबरचे मॉड्यूल, पॉवर स्ट्रिप, केज नट (रॅकच्या खांबात बसणारे नट), केबल. कंपन्यांच्या गोदामात अशा वस्तू खोक्यांनी पडून असतात आणि त्या देताना त्यांना कुणाची फारशी परवानगी लागत नाही. रॅम मागताना प्रकार नेमका लिहा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरी बसत नाही. आणि एकाच पिढीतली असली तरी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आणि साधी अनबफर्ड रॅम एकत्र चालत नाही.

सर्व्हरच्या वयाला एक व्यावहारिक सीमा आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सची दहावी आवृत्ती आणि तिच्यावर आधारलेली काही लिनक्स वितरणं एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा प्रोसेसर मागतात, म्हणजे काही नवे आदेश समजणारा. इंटेलच्या बाबतीत ती पातळी २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून मिळते. त्याआधीच्या सर्व्हरवर डेबियन हे दुसरं लिनक्स वितरण आजही चालतं, पण विजेचा हिशोब लावला की असा सर्व्हर रॅम आणि सुटे भाग काढण्यापुरताच परवडतो.

डेस्कटॉपसाठी मात्र सध्या चांगला काळ आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चार कोअर, सोळा जीबी रॅमची धडधाकट यंत्रं कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. लिनक्स शिकवायला, प्रयोगांना, क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा गट) मांडून पाहायला ती उत्तम.

ब्लेड सर्व्हरचं चॅसिस (पातळ सर्व्हर ओळीने बसवायचा मोठा सांगाडा), मोठ्या कंपनीचा जुना स्टोरेज अॅरे (अनेक डिस्कचं साठवणीचं यंत्र), बॅटरी संपलेला यूपीएस आणि जुने लेझर प्रिंटर, हे देऊ केले तरी सहसा नको म्हणा. ब्लेडचं चॅसिस रिकामं असतानाही खूप जड असतं आणि त्याला सहसा जास्त अँपिअरची वेगळी जोडणी लागते. स्टोरेज अॅरेचं सॉफ्टवेअर परवान्याला बांधलेलं असतं, परवाना यंत्राबरोबर येत नाही आणि मग डिस्कचा ढीग तेवढा हातात उरतो. यूपीएसमधल्या लेड-अॅसिड बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत थकतात. नवा संच घ्यायला पैसे आहेत का, ते पाहूनच यूपीएस घ्या.

कुणाकडे, कधी, कसं

पहिला दरवाजा तुमच्याच संस्थेच्या संगणक विभागाचा. त्यांची जुनी यंत्रं मोडीत काढण्याची ठरलेली पद्धत असते. ती समजून घेतली तर मंडळाचं नाव यादीत वर लागू शकतं. वाहतूक नाही, डेटाचा विश्वासाचा प्रश्नही सोपा.

दुसरा दरवाजा माजी सभासदांचा. कंपनीच्या सामान्य संपर्क पत्त्यावर पाठवलेली दहा पत्रं आणि त्या कंपनीत काम करणाऱ्या एका माजी सभासदाचा एक फोन, यात फोन भारी ठरतो. कंपनीच्या आत दोन वेगळी माणसं असतात हे लक्षात घ्या. यंत्रं पायाभूत सुविधा सांभाळणाऱ्या विभागप्रमुखाच्या ताब्यात असतात आणि पैसे भरती किंवा प्रसिद्धी विभागाच्या. यंत्रासाठी प्रसिद्धी विभागाला लिहिलं तर पत्र फिरत राहतं.

वेळही साधावी लागते. कंपन्या सर्व्हर साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. बदल होण्याआधी दोन-तीन महिने विचारलं तर तुमचं नाव योजनेत बसतं. यंत्रं खाली उतरवून भंगारवाल्याशी करार झाल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो. सुरुवातीलाच एक प्रश्न जरूर विचारा: यंत्रं कंपनीच्या मालकीची आहेत की भाडेकराराची? भाडेकराराची असतील तर ती भाड्याने देणाऱ्याकडे परत जातात, आणि कितीही इच्छा असली तरी कंपनी ती देऊ शकत नाही.

बाहेर कुणाला लिहिण्याआधी संस्थेच्या देणगी विभागाला यादी दाखवा. संस्था त्याच कंपनीशी मोठ्या देणगीची बोलणी करत असेल आणि मध्येच तुमचं चार डिस्कचं पत्र गेलं, तर दोन्ही बाजू अवघडतात.

पत्र एका पानात बसावं आणि मागणी नेमकी असावी. 'जमेल ती मदत करावी' असं लिहिलं की वाचणाऱ्याला विचार करावा लागतो, आणि कामात असलेला माणूस असं पत्र बाजूला ठेवतो. एक मसुदा:

स. न. वि. वि.
आमचं विद्यार्थी संगणक मंडळ सभासदांना लिनक्स खाती, वेब होस्टिंग आणि आठवड्याची कार्यशाळा चालवतं. सभासदांच्या फाइली ज्या यंत्रावर आहेत त्याच्या डिस्क जुन्या झाल्या आहेत. त्यासाठी आम्हाला ४ टीबी किंवा त्याहून मोठ्या, ३.५ इंची सहा सॅटा डिस्क आणि १६ जीबीच्या डीडीआर४ रजिस्टर्ड ईसीसी रॅमच्या आठ पट्ट्या हव्या आहेत. वापरलेल्या चालतील. डिस्क पुसून देणं आपल्याला शक्य नसल्यास आम्ही पुसून प्रत्येक अनुक्रमांकासह लेखी नोंद देऊ. सामान न्यायला आम्ही येऊ. देणगीची पोच संस्थेच्या नावाने मिळेल. यातलं काही उपलब्ध असल्यास कोणाशी बोलावं, एवढं कळवावं ही विनंती.
आपली नम्र,
(नाव, पद, मंडळाचा कायमचा पत्ता)

शेवटचं वाक्य मुद्दाम तसं आहे. त्याला होकार द्यायला कुणाची मंजुरी लागत नाही, फक्त एक नाव कळवायचं असतं. उत्तराचा पत्ताही मंडळाच्या पदाचा असावा, विद्यार्थ्याचा वैयक्तिक नसावा. दोन आठवडे थांबून एकदा आठवण करा. त्यानंतर पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

पैशाचं प्रायोजकत्व

देणगी आणि प्रायोजकत्व यांत फरक आहे आणि हिशोबातही तो वेगळा ठेवावा लागतो. देणगीदार परतफेड मागत नाही. प्रायोजक पैशाच्या बदल्यात काहीतरी घेतो, म्हणजे तो करार झाला. काय देणार ते लिहून ठेवा: अमुक महिने संकेतस्थळावर चिन्ह, वर्षाला एक तांत्रिक व्याख्यान, कार्यशाळेत आभार. व्याख्यानासाठी एक अट घालाच, की बोलणारा प्रत्यक्ष ते काम करणारा अभियंता असावा आणि भरतीबद्दल बोलायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत. ही अट प्रायोजकाच्याही फायद्याची आहे, कारण निव्वळ जाहिरातीच्या व्याख्यानाला दुसऱ्या वेळी कोणी फिरकत नाही.

सभासदांची ईमेल यादी, यंत्रांवरचे प्रशासकीय अधिकार, सभासदांच्या वापराच्या नोंदी आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांचे बायोडेटा, या चार गोष्टी कोणत्याही रकमेला द्यायच्या नाहीत. सभासद आपला मजकूर तुमच्या यंत्रावर विश्वासाने ठेवतात. तो विश्वास गेला तर मंडळाकडे प्रायोजकाला दाखवण्यासारखंही काही उरत नाही. नोकरीची माहिती पोचवायची असेल तर प्रायोजकाचा मजकूर मंडळाने स्वतः पाठवावा, आणि ज्यांनी अशा मजकुराला होकार दिला आहे त्यांनाच.

शैक्षणिक नेटवर्कच्या वापर नियमांत बऱ्याचदा व्यापारी जाहिरातीला मनाई असते. 'यांच्या सहकार्याने' एवढी ओळ आणि चिन्ह चालतं का, किमती आणि खरेदीचे दुवे चालतात का, हे संस्थेच्या नेटवर्क विभागाकडून लेखी घ्या.

क्लाउड कंपन्या जमा रकमेच्या स्वरूपात मदत देतात. तिला मुदत असते. मुदत संपली किंवा रक्कम संपली की खात्याला जोडलेल्या कार्डावर बिल सुरू होतं. खर्चाची सूचना लावली म्हणून खर्च थांबत नाही, फक्त ईमेल येतो, तोही काही तासांनी. म्हणून खातं मंडळाच्या पत्त्यावर काढा, कोणा विद्यार्थ्याचं कार्ड जोडू नका, आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख मंडळाच्या दिनदर्शिकेत टाका. सभासदांच्या मुख्य सेवा अशा रकमेवर उभ्या करू नयेत. प्रयोग, स्पर्धा, तात्पुरता भार यासाठी ती वापरावी.

कागदपत्रं

बहुतेक मंडळांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं, त्यामुळे देणगी कुणाच्या नावाने घ्यायची हे आधी ठरवा: संस्था, विभाग किंवा नोंदणीकृत विद्यार्थी संघटना. देणगीपत्र एका पानाचं पुरे. त्यात देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, तारीख, प्रत्येक वस्तूचा प्रकार आणि अनुक्रमांक, मालकी पूर्णपणे हस्तांतरित झाल्याचं वाक्य, वस्तू आहे त्या स्थितीत दिल्याचं वाक्य, डिस्क कोण पुसणार, आणि नको झाल्यावर मंडळ ती विकू, दुसऱ्याला देऊ किंवा मोडीत काढू शकतं हे स्पष्ट हवं. हे शेवटचं कलम विसरलं जातं, आणि मग आठ वर्षांनी बंद पडलेल्या सर्व्हरला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

'उसनं' म्हणून यंत्र घेणं शक्यतो टाळा. परत मागायला कोण येणार, नुकसान झालं तर काय, विमा कुणाचा, हे प्रश्न नंतर येणाऱ्या कार्यकारिणीच्या गळ्यात पडतात. देणगीची किंमतही पोचपावतीवर मंडळाने लिहू नये. वस्तूंचं वर्णन लिहा, किंमत देणाऱ्याने आपल्या हिशोबतपासनिसाला विचारून लावावी. परदेशातून सामान येणार असेल तर मोफत असलं तरी सीमाशुल्क लागू शकतं, म्हणून संस्थेच्या खरेदी विभागाशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

उचलायच्या दिवशी

दोन यू उंचीचा भरलेला सर्व्हर २५ ते ३० किलोचा असतो. एकट्याने रॅकमधून ओढू नका. आधी पॉवर सप्लाय आणि डिस्क काढा, वजन बरंच उतरतं, पण डिस्क काढताना कोणती कोणत्या खाचेत होती त्याची चिठ्ठी चिकटवा.

सर्व्हर मिळतो आणि त्याच्या बरोबरीच्या वस्तू तिथेच राहतात, ही नेहमीची गोष्ट. म्हणून यादी घेऊन जा: रेलची जोडी, डिस्कचे ट्रे, रिकाम्या खाचांचे झाकण-तुकडे, पॉवर कॉर्ड, पुढच्या जाळीची किल्ली. रेल प्रत्येक मालिकेच्या वेगळ्या असतात, नंतर बाजारात शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. डिस्क सुरक्षिततेसाठी काढून घेणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा ट्रेसकट काढून नष्ट करतात, म्हणून 'डिस्क ठेवा, ट्रे द्या' हे फोनवरच सांगा. झाकण-तुकडे क्षुल्लक वाटतात, पण ते नसतील तर हवा मोकळ्या खाचेतून निघून जाते आणि प्रोसेसर तापतो.

लॅपटॉप आणि डेस्कटॉप घेताना बायॉसचा पासवर्ड काढला आहे का आणि कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापनातून यंत्र मोकळं केलं आहे का, हे जागेवर सुरू करून पाहा. अनेक कार्यालयीन लॅपटॉपचा पासवर्ड बॅटरी काढून जात नाही, आणि व्यवस्थापनात अडकलेलं यंत्र डिस्क पुसून नव्याने सिस्टिम टाकली तरी जुन्या कंपनीची नोंदणी मागत राहतं. ते मोकळं करण्याचा अधिकार फक्त देणाऱ्याकडे असतो.

आल्यावर तपासणी

यंत्र नेटवर्कला जोडण्याआधी ही तपासणी पूर्ण करा. घाईने थेट सेवेत लावलेलं यंत्र परीक्षेच्या आठवड्यात बंद पडतं, आणि तेव्हा दुरुस्त करायला कोणालाच वेळ नसतो.

आधी डोळ्यांनी. फुगलेले कपॅसिटर, रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डाची) फुगलेली बॅटरी, धूळ, वाकलेले पिन. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी सरळ बदलून टाका. ती संपली की घड्याळ मागे जातं आणि मग सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रं अवैध ठरल्याच्या विचित्र चुका दिसतात.

मग दूरस्थ नियंत्रणाची चिप: डेलची आयड्रॅक, एचपीची आयएलओ किंवा साधं आयपीएमआय. तिच्यात देणाऱ्याचे पत्ते आणि खाती तशीच राहिलेली असतात. मूळ स्थितीत आणा, पासवर्ड बदला, फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) नवं करा. फर्मवेअर काही कंपन्या सेवाकरार असलेल्यांनाच देतात, म्हणून यंत्र अजून देणाऱ्याच्या करारात असतानाच ते अद्ययावत करून मागणं शहाणपणाचं. आयपीएमआय २.० च्या रचनेतच एक दोष आहे: लॉगिन होण्याआधीच कोणीही खात्याच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप, मागून घेऊ शकतं. म्हणून ही चिप वेगळ्या व्यवस्थापन नेटवर्कवरच असावी, इंटरनेटवर कधीच उघडी नसावी.

त्याच चिपमधली घटनांची नोंद वाचा आणि जतन करा. रॅमच्या दुरुस्त झालेल्या चुका, पंखा बंद पडल्याची तारीख, वाढलेलं तापमान, हे सगळं तिथे असतं. नंतर नोंद रिकामी करून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. १२८ जीबी रॅमची एक फेरी व्हायलाही बरेच तास लागतात, तेव्हा अर्ध्यावर थांबवू नका. दोन पॉवर सप्लाय असतील तर भार चालू असताना एकेकाची वायर काढून पाहा. दोन्ही दिवे हिरवे असले तरी एक सप्लाय भार येताच बसू शकतो.

डिस्कवर सर्वात जास्त वेळ घालवा, कारण सभासदांच्या फाइली तिथे जाणार आहेत. स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने आधी 'स्मार्ट'चे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवलेले, आकडे पाहा. सॅटा जोडणीच्या डिस्कवर क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचायला अडखळणारे आणि १९८ म्हणजे न वाचता आलेले. १९७ किंवा १९८ शून्य नसेल आणि पूर्ण लिहून झाल्यावरही आकडा खाली येत नसेल, तर ती डिस्क बाद. ५ चा आकडा छोटा आणि स्थिर असेल तर प्रयोगाच्या यंत्रात चालेल, वाढत असेल तर नको. क्रमांक ९ म्हणजे चालू तास. ४३,८०० तास म्हणजे पाच वर्षं सलग. सर्व्हरमधल्या सॅस जोडणीच्या डिस्कवर हे क्रमांक दिसत नाहीत, तिथे 'ग्रोन डिफेक्ट लिस्ट'चा (वापरात बिघडलेल्या जागांचा) आकडा पाहा.

नंतर बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची लिहून वाचण्याची चाचणी. ती डिस्कवरचं सगळं पुसते, तेव्हा डिस्कचं नाव दोनदा तपासा. ती चार नमुने लिहिते आणि प्रत्येक वाचून पाहते, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. सेकंदाला १५० एमबी वेगाने ४ टीबीच्या डिस्कची एक फेरी साधारण साडेसात तासांची, म्हणजे पूर्ण चाचणी अडीच दिवसांची. मोठ्या डिस्कवर ब्लॉकचा आकार ४०९६ द्या, नाहीतर ब्लॉकची संख्या मर्यादेबाहेर जाऊन चाचणी सुरूच होत नाही. चाचणी संपल्यावर स्मार्टचे आकडे पुन्हा काढा आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा. खरी माहिती या फरकात असते.

स्टोरेज अॅरेमधून आलेल्या सॅस डिस्क कधीकधी लिनक्सला दिसतात पण आकार शून्य दाखवतात. त्यांचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. एसजी-फॉरमॅट या प्रोग्रामने ५१२ चे करून घेता येतात. त्याला कित्येक तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट फॉरमॅट अवस्थेत अडकते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून हे काम यूपीएसवर करा.

एकाच खोक्यातून आलेल्या, सारखेच तास चाललेल्या डिस्क एकाच रेडमध्ये भरू नका. त्या थकतातही जवळपास एकाच सुमारास, आणि एक गेल्यावर पुनर्बांधणीचा ताण उरलेल्यांवर येतो. दोन वेगळ्या देणग्यांमधल्या डिस्क मिसळा, दोन डिस्क एकदम गेल्या तरी टिकणारी रचना निवडा आणि एक सुटी डिस्क कपाटात ठेवा. बॅकअप मात्र देणगीच्या नव्हे, विकत घेतलेल्या नव्या डिस्कवर. प्रायोजकाच्या पैशाचा पहिला खर्च हाच असावा.

स्विच आला की त्याची जुनी मांडणी पुसा. व्हीलॅन (नेटवर्कचे आभासी विभाग), पासवर्ड, देखरेखीचे सांकेतिक शब्द सगळे त्यात असतात, आणि तसाच संस्थेच्या नेटवर्कला जोडला तर शेजारच्या स्विचशी भांडून पूर्ण मजला बंद पाडू शकतो. फायबरचे मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचे असतील तर काही स्विच ते नाकारतात. सेवेत लावायच्या आधी जोडून पाहा.

डिस्कवर राहिलेला डेटा

पुसलेली म्हणून आलेली डिस्क न पुसलेली निघू शकते. तसं दिसलं तर उघडून पाहू नका, प्रत काढू नका, देणाऱ्याला कळवा आणि पुसा. नेहमीच्या चुंबकीय डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१४ च्या आवृत्तीतही तसंच सांगितलं होतं. पस्तीस फेऱ्यांची जुनी पद्धत आजच्या डिस्कला गरजेची नाही. बॅडब्लॉक्सचा शेवटचा नमुना शून्यांचा असल्याने ती चाचणी पूर्ण झाली की हे कामही झालेलं असतं.

एसएसडीला वरून लिहिणं पुरत नाही. तिच्यातला काही भाग राखीव असतो आणि तिथवर आपलं लिखाण पोचत नाही. तिच्यासाठी सॅटावर 'सिक्युअर इरेज' आणि एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या एसएसडीवर पुसण्याच्या पर्यायासह 'फॉरमॅट' हे डिस्कचे स्वतःचे आदेश वापरा. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, ती फोडावी लागते. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, पद्धत, तारीख आणि करणाऱ्याचं नाव अशी यादी देणाऱ्याला पाठवा. ही यादी वेळेवर मिळाली की पुढच्या वेळी कंपनीचा सुरक्षा विभाग आड येत नाही.

आभार, नोंद आणि पुढची कार्यकारिणी

सामान पोचल्याचं पत्र आठवड्याच्या आत, आणि यंत्र सेवेत आल्यावर दुसरं. दुसऱ्या पत्राला जास्त किंमत आहे: रॅकमधला फोटो, त्यावर काय चालतं, किती सभासद वापरतात. वर्षअखेरीस पुन्हा तीन-चार ओळी. यंत्र बंद पडलं असेल तर तेही कळवा. देणाऱ्याने ते कधी विचारलं आणि मंडळाला ठाऊकच नसलं, तर पुढची मदत थांबते. चिन्ह किंवा नाव लावण्याआधी लेखी परवानगी घ्या, कारण काही कंपन्यांना देणगी गुप्त ठेवायची असते.

नोंदवहीत प्रत्येक यंत्राची एक ओळ: कोणाकडून, कधी, अनुक्रमांक, कुठे ठेवलं, काय चालतं, कोण सांभाळतं, देणगीपत्राची प्रत कुठे. यंत्रावरही तोच क्रमांक चिकटवा. प्रायोजकांसाठी वेगळी ओळ: माणसाचं पद, शेवटचं बोलणं कधी झालं, काय कबूल केलं, मुदत कधी संपते. ही वही मंडळाच्या सामायिक जागेत असावी. कार्यकारिणी बदलताना जुन्या आणि नव्या खजिनदाराने मिळून प्रत्येक प्रायोजकाला ओळखीचा एक ईमेल पाठवावा. हा ईमेल राहिला तर बऱ्याचदा वर्षानुवर्षांचं नातं उन्हाळ्याच्या सुट्टीत तुटतं.

मोडीत काढताना

वर्षातून एकदा रॅकपुढे उभं राहून प्रत्येक यंत्राला विचारा: हे कोण वापरतं, आणि याच्याऐवजी कमी विजेचं काही लावता येईल का? उत्तर मिळालं नाही तर ते बंद करा, पण महिनाभर जागेवरच ठेवा. विसरलेली एखादी सेवा त्याच्यावर असेल तर तेवढ्यात कोणीतरी तक्रार करतंच. मग डिस्क पुसा, कामाचे भाग काढा: रॅम, ट्रे, रेल, पॉवर सप्लाय. हे सगळं त्याच मालिकेच्या दुसऱ्या यंत्राला लागतं किंवा दुसऱ्या मंडळाला देता येतं.

उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या आणि पावती नोंदवहीला जोडा. लेड-अॅसिड आणि लिथियमच्या बॅटऱ्या वेगळ्या काढून, टोकांना चिकटपट्टी लावून द्या, नाहीतर खोक्यात एकमेकींना लागून त्या तापतात. देणाऱ्याने आधी कळवण्याची अट घातली असेल तर सांगाडा बाहेर काढण्यापूर्वी ते पत्र जायला हवं, आणि त्याच पत्रात त्या यंत्राची जागा आता कशाने घ्यायची आहे ती नवी यादी जोडता येते.